रविवारची बॅच

लातुरात क्लास कसा चालतो हे फळ्यावरून कळत नाही, दारातल्या चपलांवरून कळतं. कोणत्या सरांच्या शिकवण्यात दम आहे आणि कोणाचं नुसतं पोस्टर मोठं, हे बघायला शहाणा बाप संध्याकाळी साडेपाचला गल्लीतून एक चक्कर मारतो आणि गुपचूप चपला मोजतो. शकिलाला चक्कर मारायचीही गरज नव्हती. रेणुकादास सरांचा क्लास तिच्या दारासमोरच होता (सर राहायला मात्र गावाच्या दुसऱ्या टोकाला) आणि तिची शिलाई मशीन दाराकडे तोंड करून मांडलेली होती.

पुढे दुकान आणि मागे घर. दुकान गुलाम रसूलचं, म्हणजे शकिलाच्या नवऱ्याचं. तो कापूस पिंजून गाद्या भरायचा आणि ती खोळी शिवायची. जून लागला की नांदेड, परभणी, बीडकडची पोरं पत्र्याची ट्रंक घेऊन लातुरात उतरायची. पोरगं पुढे डॉक्टर होवो न होवो, आधी त्याला झोपायला गादी लागते, आणि याच गोष्टीवर या घराचा संसार उभा होता. सन दोन हजार एकचा तो जून. त्या दिवसांत शकिलाचा पाय मशीनवर आणि डोळे समोरच्या दारावर असायचे.

सोमवार ते शनिवार समोर काही नवल नव्हतं. फिजिक्सच्या तीन बॅचा, बारावीची पोरं, दर बॅचला साठ-सत्तर जोड. नवल होतं ते रविवारी. रविवारी दुपारी तीन वाजता सरांच्या दारात चपला पडायच्या त्या जोडीजोडीनं, एक मोठ्या माणसाची आणि शेजारी एक लहान. लहानांतल्या एकाही बुटाला नाडी नसायची, सगळ्यांना चिकटपट्ट्या. एक बूट तर चांगला आठ नंबरचा, बाप्यामाणसाचा, पण त्यालाही चिकटपट्टीच. माणसं पोरांना छत्रीआड धरून झपकन आत नेत, तोंडं दिसत नसत, आणि आत गेली की दार बंद. मग आतून शिकवण्याचा आवाज येत नसे, दर दहा मिनिटांनी टाळ्या येत. वरून ही माणसं गल्लीतली तर नाहीच, लातूरचीसुद्धा नव्हती. एक जण हदगावहून आदल्या दिवशी एसटीनं येऊन बहिणीकडे मुक्काम करतो, एवढी खबर शकिलानं काढली होती. हदगाव काय जवळ आहे? इतक्या लांबून माणूस पोराला कशाला आणेल?

"फौंडेशन गं, शकिले," कोपऱ्यावर भाजीची पाटी घेऊन बसणाऱ्या धोंडाबाईनं निकाल देऊन टाकला. "आता तिसरी-चौथीपासूनच डाक्टर करायलेत. दार का लावतेत? दुसऱ्या सरांना कळू नये म्हनून. निवडक पोरं घेतेत, अन् निकाल लागला की एकदम पोस्टर."

धोंडाबाईचं शिक्षण दुसरी, पण लातुरात राहून माणसाला क्लासची अक्कल येतेच. शकिलाला ते पटलं. फक्त टाळ्यांचं कोडं तेवढं सुटेना.

त्यात सरांच्या बायकोनं, सौदामिनीबाईंनी, गादी सांगितली. दहा फूट बाय सहा फूट, घट्ट भरलेली, कुठे गाठ नको, रविवारच्या आत पाहिजे.

"क्लासात गादी?" शकिलानं विचारलंच. "पोरं झोपतेत का काय, बाई?"

"झोपत नाहीत, लोळतात," सौदामिनीबाई म्हणाल्या आणि हसून निघून गेल्या.

आता आली का पंचाईत! फौंडेशनची निवडक पोरं गादीवर लोळतात, हे ऐकून शकिलाची दोन दिवस झोप उडाली.

गादी मागच्या अंगणात भरली. एवढी मोठी गादी भरायची म्हणजे कापूस पायानं दाबावा लागतो, आणि ते काम या घरात अर्शीचं होतं. अर्शी धाकटी, सात वर्षांची. बुटकी, गोल चेहऱ्याची, डोळे बारीक आणि कडेला वर गेलेले, जीभ जराशी ओठांवर. बोलायची मोजके सात-आठ शब्द. पण कापसावर सोडली की या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत अशी नेमानं पावलं टाकायची की कुठे उंचवटा राहायचा नाही. गुलाम रसूल कडेनं टाके घालायचा आणि खाली मान घालून म्हणायचा, "हिकडं. आता तिकडं." तो तिच्याशी एवढंच बोलायचा. त्यानं तिला उचललेलं, गल्लीत नेलेलं शकिलानं कधी पाहिलं नव्हतं. दुकानात गिऱ्हाईक असलं की अर्शीनं मागे राहायचं, हा नियम कोणी केला नव्हता, पण तो होता.

अर्शीला सगळे भूकंपाची पोर म्हणत. त्र्याण्णवच्या सप्टेंबरात पहाटे जमीन हलली तेव्हा शकिलाला पाचवा महिना होता. सगळी गल्ली बाहेर पळाली, आणि पळताना शकिला दाराच्या पायरीवर पोटावर आदळली. पुढे जानेवारीत अर्शी झाली. दवाखान्यातली बाई म्हणाली, पोरगी जरा मंद राहील. सासू म्हणाली, मंद नाही तर काय, भूकंपाचा धसका पोटातच बसला की. जो तो तेच म्हणाला. किल्लारीकडे गावंच्या गावं गाडली गेली होती, तिथे आपल्या एका पोरीचं दुःख कोणापुढे सांगणार? शकिलानं ते गिळलं. पण ती का पडली हे तिला चांगलं ठाऊक होतं. थोरली अलीझा तेव्हा तीन वर्षांची, ती बापाच्या काखेत होती. शकिला दारापर्यंत आली होती, आणि तिथून मागे वळली. कशासाठी, तर शिवणाच्या डब्यासाठी. एका पत्र्याच्या डब्यासाठी आपण पोटातल्या पोरीचं असं करून ठेवलं, हे ती आठ वर्षं मनात घेऊन जगत होती. नवरा अर्शीकडे बघत नाही तो याचमुळे, त्याला ते माहीत असणार, आणि चांगला माणूस म्हणून तोंडानं बोलत नाही एवढंच, अशी तिची खात्री होती.

तर अशा या शकिलानं ठरवलं की अलीझाला रविवारच्या बॅचला घालायचं. अलीझा पाचवीतून सहावीत गेलेली, गणितात शंभरापैकी सत्त्याण्णव. एक पोर आपल्या हातानं गेली, दुसरीचं तरी सोनं व्हावं, यात वाईट काय आहे?

रविवारी तिनं अलीझाच्या दोन वेण्या घातल्या, गुणपत्रिकेला प्लास्टिकचं कव्हर घातलं, अर्शीला मागच्या अंगणात कापसाशी बसवलं आणि बाहेरून कडी घातली. गुलाम रसूल सरांच्याच दारात गादी उतरवून परत आला होता.

"कुठं?" त्यानं विचारलं.

"येते आत्ता," ती म्हणाली.

गादी आत घेतल्यावर सरांच्या दाराला कडी लागायची राहिली होती, ते तिनं ढकलूनच उघडलं. नाहीतरी गादीवाल्याची बायको, गादी नीट बसली का बघायला आले म्हणायला तोंड होतं. आत बाकं भिंतीला लावून ठेवलेली, मधे आपली गादी. आणि गादीवर अर्शी लोळत होती.

शकिलाचा हात अलीझाच्या खांद्यावरून खाली पडला. अर्शीला तर आपण कडीत ठेवून आलो! मग तिनं नीट बघितलं. ती अर्शी नव्हती. फ्रॉक वेगळा, केस वेगळे. पण तोंड तेच. आणि पलीकडे साबणाचे फुगे फुंकणारा पोरगा, तोही अर्शी. खिडकीशी एक दाढी फुटलेला जवान गडी पायात आठ नंबरचा बूट चढवून चिकटपट्टी लावत होता, आणि त्यालाही अर्शीचेच डोळे. अकरा पोरं होती. अकराच्या अकरा जणू तिच्याच पोटची.

"या ताई," रेणुकादास सर पुढे आले. पन्नाशीचा माणूस, शर्टावर खडू. त्यांनी अलीझाकडे बघितलं, गुणपत्रिका हातात घेतली, गणिताचे गुण वाचले आणि चष्म्यावरून विचारलं, "हिला काय होतं?"

"हिला काय बी होत न्हाई, सर," शकिला म्हणाली. "मी चुकीचं लेकरू घेऊन आले."

सौदामिनीबाईंनी एवढं ऐकलं आणि त्यांना कळलं. बायकांना कळतं. त्यांनी शकिलाला बाकावर बसवलं, पाणी दिलं, आणि अलीझाच्या हातात साबणाच्या पाण्याची वाटी दिली. "फुगे फुंकायला शिकव बघू यांना. फुंकलं की ओठांत जोर येतो, मग शब्द येतात."

शकिलाची नजर फळ्यावर गेली. इतर दिवशी तिथे टॉपरांची नावं असत. आज वर मोठ्या अक्षरात 'या आठवड्याचे गुणवंत' आणि खाली: मुग्धा, दोरीवर कपडे वाळत घातले. लिंबाजी, शर्टाची तीन बटणं. पल्लवी, 'पाणी' म्हणाली. मल्लेश, एकटा जाऊन दूध आणलं, सुट्टे पैसे परत आणले. अकरा नावं, अकरा कामं. पहिला-दुसरा नंबर कोणालाच नाही. सर एकेक नाव वाचत होते आणि सगळे टाळ्या वाजवत होते. टाळ्यांचं कोडं असं सुटलं.

रडायला आलं होतं, पण शकिलाचं रडणंसुद्धा चौकशीच्या मागे उभं राहायचं. शेजारी एक बाप बसला होता, तोच हदगावचा. व्यंकट त्याचं नाव, आणि लिंबाजी त्याचा.

"भाऊ, भूकंप तुमच्या हदगावलाबी आल्ता का वो?" तिनं विचारलं.

"जरा भांडी वाजली म्हंतेत. का वो?"

"तुमचं पोरगं त्याच साली झालं?"

"न्हाई. लिंबाजी एकोणनव्वदचा. भूकंपात तर चार वर्साचा व्हता. झोपूनच राहिला लेकाचा, उठला बी न्हाई."

चार वर्षं आधी? मग शकिला उठली आणि पल्लवीला मांडीवर घेऊन बसलेल्या म्हातारीकडे गेली. नागुबाई, पल्लवीची आजी, शिरूर अनंतपाळची. शिरूरला तर जमीन लातुराइतकीच हादरली होती. इथे नक्की सापडणार.

"मावशी, ही भूकंपाची?"

"कशाची?" नागुबाई हसली. "सत्त्याण्णवची हाय ही. भूकंपाला हिच्या मायचं लगीनबी झालं नव्हतं."

आता शकिलाला राहवेना. दारावर सामान विकणाऱ्यागत ती एकेकापुढे जाऊन उभी राहू लागली. कोणचं गाव, कोणचं साल? देगलूरची रत्नम्मा म्हणाली, मल्लेश ब्याऐंशीचा, माझा पहिलाच, तेव्हा मी एकोणीस वर्षांची. दुसरी एक म्हणाली, माझी शेवटची, नव्वद साली. "मी पडले न्हाई, झडले न्हाई, गिरण बी पाळलं, तरी झालं." सौदामिनीबाई म्हणाल्या, आमची मुग्धा शहाऐंशीची, नांदेडची. अकरा पोरं, अकरा सालं. भूकंपाच्या साली पोटात असलेलं त्यांच्यात एकही नव्हतं. तसलं एकच होतं, आणि ते समोरच्या घरात कडी लावून बसवलं होतं.

"पण मग हे कशानं होतं?" तिनं सरांना विचारलं. जणू सगळ्या लातूर जिल्ह्याच्या वतीनं विचारत होती.

"मी फिजिक्सचा माणूस," सर म्हणाले. "मुग्धा झाली तेव्हा मला पुन्हा बायोलॉजीच्या पहिल्या धड्यापासून बसावं लागलं. आपल्या अंगाच्या प्रत्येक पेशीत, बारीक कणात, शेहेचाळीस गुणसूत्रं असतात, ताई. म्हणजे माणूस कसा घडायचा ते लिहिलेले धागे समजा. यांच्यात सत्तेचाळीस. एक जास्त. याला डाऊन सिंड्रोम म्हणतात. तो जास्तीचा धागा अगदी पहिल्या क्षणालाच येतो, आईला आपण आई होणार हे कळायच्याही आधी."

"पाचव्या महिन्यात पडलं तर?"

"तर काही नाही. तेव्हा ते ठरून चार महिने झालेले असतात. पडल्यानं होत नाही, भिण्यानं होत नाही, ग्रहणानं होत नाही. कोणाच्या चुकीनं होत नाही."

शकिलानं त्यांना ते पुन्हा सांगायला लावलं. त्यांनी सांगितलं. शिकवायची सवय असलेला माणूस, त्यांना दुसऱ्यांदा सांगायचा कंटाळा नव्हता.

निघताना सौदामिनीबाई दारापर्यंत आल्या. आता त्या हसत नव्हत्या. "ताई, गल्लीत बोलू नका. यांच्या बारावीच्या पोरांचे आईबाप कसे आहेत तुम्हाला माहीत आहे. ज्याला स्वतःची पोरगी शिकवता आली नाही तो आमच्यांना काय शिकवणार, असं नांदेडला तोंडावर ऐकलंय आम्ही. म्हणून दार लावतो." शकिलानं मान हलवली. गल्लीतल्या खबरीचं एवढं मोठं गाठोडं पोटात ठेवायची ही तिची पहिलीच वेळ होती.

घरी आली तेव्हा उन्हं कलली होती. गुलाम रसूल अंगणात एका गादीला टाके घालत बसला होता, आणि कडी कधीच काढलेली होती. अर्शी त्याच्यापासून चार हातांवर कापूस उडवत होती. शकिलानं जवळ बसून सगळं सांगितलं. ते दोघं घरात दखनीत बोलायचे, आपण आपलं मराठीत ऐकू. अकरा पोरं सांगितली, फळा सांगितला, सत्तेचाळीस धागे सांगितले. तो टाके घालत राहिला.

"सालं सांग," शेवटी तो म्हणाला.

"हदगावचा एकोणनव्वद. शिरूरची सत्त्याण्णव. देगलूरचा ब्याऐंशी."

"पुन्हा सांग."

तिनं पुन्हा सांगितली. मोठी सुई कापसात अडकून राहिली आणि त्यानं ती ओढली नाही.

"पडल्यानं नाही म्हणाले?"

"नाही म्हणाले. मी दोनदा विचारलं. ऐका, मला तुम्हाला एक सांगायचंय. त्या दिवशी मी शिवणाच्या डब्यासाठी मागे वळले होते. म्हणून पडले. तुम्हाला माहीत आहे ते मला कळतं..."

"कसला डबा?" गुलाम रसूलनं पहिल्यांदा वर बघितलं. "मी तुझा हात ओढला. अलीझा एका काखेत, आणि दुसऱ्या हातानं मी तुला हिसका मारला. चल म्हणून. तू तोल जाऊन आदळलीस. माझ्या हातानं आदळलीस. डबा मला ठाऊकसुद्धा नाही."

आठ वर्षं एका ताटात जेवणारी दोन माणसं, आणि दोघांनी एकच गुन्हा वेगवेगळा आपापल्या नावावर लिहून ठेवलेला. शकिलाला वाटायचं हा आपल्यावर रागावून पोरीकडे बघत नाही.

"मग तिला कधी उचललं का नाही?" तिनं विचारलं.

त्यानं आपला उजवा हात उलटा-सुलटा करून बघितला. कापसाच्या तंतूंनी तो पांढरा झाला होता. "याच हातानं?" तो म्हणाला. आणि मग तो रडला, चांगला मोठ्यानं रडला. अर्शी चार हातांवरून उठून आली, तिनं त्याच्या गालावरचा कापूस काढला आणि नीट ढिगावर नेऊन ठेवला. कापूस वाया घालवायचा नाही, एवढं तिला या घरात शिकवलेलं होतं.

पुढचा आठवडा शकिलाला कसा गेला ते विचारू नका. धोंडाबाई रोज भाजी तोलताना खोदून विचारायची, "गेल्तीस ना आत? काय शिकवतेत? घेतली का अलीझाला?" आणि शकिला मेथीची जुडी उलटून-पालटून बघत म्हणायची, "जागा न्हाईत म्हणे." पोट फुगायचं बाकी होतं.

रविवारी पावणेतीनला गुलाम रसूल आंघोळ करून, धुतलेला कुर्ता घालून दुकानातून बाहेर पडला. त्याच्या कडेवर अर्शी होती. सात वर्षांची पोरगी, कडेवर घेण्याचं वय नव्हतं, पण त्याचा मागचा हिशेब राहिला होता. अर्शीनं एका हातानं त्याची मान धरली होती आणि दुसऱ्या हातानं ती दिसेल त्याला सलाम करत होती. शकिला मागून तिच्या नव्या चपला घेऊन निघाली. भर दुपारी गल्ली बघत होती. कोपऱ्यावर धोंडाबाईचा तराजू हवेतच थांबला.

"वो गुलामभाई!" तिनं हाक मारली. "धाकटीला घेऊन कुठं?"

सौदामिनीबाईंना दिलेला शब्द शकिलाला आठवला, आणि तो नवऱ्याला सांगायचा राहून गेला हेही आठवलं. समोर सरांच्या दारात सर स्वतः उभे होते, दार लावून घ्यायच्या बेतात. गुलाम रसूल गल्लीच्या मध्यावर थांबला. गिऱ्हाइकाशीसुद्धा हळू बोलणारा माणूस, पण त्या दिवशी कोपऱ्यापर्यंत ऐकू जाईल असं बोलला.

"क्लासला. ही माझी अर्शी. रविवारच्या बॅचला हाय."

"घेतलं हिला?" धोंडाबाईनं डोळे मोठे केले.

"घेतलं. अन् पोरांसाठी ती गादी हाय ना आत, ती हिनंच दाबलेली हाय."

धोंडाबाईनं पाटीतली एक काकडी उचलली, पुढे आली आणि अर्शीच्या हातात दिली. अर्शीनं सलाम केला. सरांनी कडीवरचा हात काढला. दार त्या दिवशी त्यांनी लावलं नाही, तीन वाजून गेले तरी उघडंच राहिलं.

पायरीपाशी गुलाम रसूलनं पोरीला खाली ठेवलं. शकिलाच्या हातातल्या छोट्या चपला घेऊन त्यानं आपल्या चपलांशेजारी नीट ओळीत मांडल्या, रस्त्यावरून कोणालाही मोजता येतील अशा.